स्क्रू फिरवणाऱ्यांनो, जरा थांबा

मंडळी, आधी कबुली देतो, म्हणजे पुढचं भांडण भांडायला मोकळा. मे महिन्यात एका विमानाच्या प्रॉपेलर गव्हर्नरचा स्क्रू चार आटे फिरवला गेला. तो फिरवणारा हात माझा होता आणि त्यानंतर ते विमान उडालं तेव्हा उजव्या सीटवर मीच बसलो होतो. त्यामुळे खाली ज्यांना नावं ठेवली आहेत त्यांच्या यादीत माझं नाव पहिलं धरावं.

थोडी पार्श्वभूमी. मी पुण्यातून मेकॅनिकल केलं आणि मेकॅनिकल केलेल्या माझ्या बहुतेक मित्रांसारखाच कॅम्पसमधून थेट आयटीत गेलो. शेवटचा क्रँकशाफ्ट पाहिला तो तिसऱ्या वर्षाच्या लॅबमध्ये, आणि तोही कापून रंगवलेला. सध्या ऑनसाइट, ओरेगनमध्ये. इथे पोर्टलंडच्या दक्षिणेला व्हॅन्स एअरक्राफ्टचा कारखाना आहे. विमानाचे किट विकणारी ही कंपनी १९७३ पासून चालू आहे आणि तिच्या किटमधून लोकांनी आपापल्या गॅरेजमध्ये बांधून उडवलेल्या विमानांचा आकडा अकरा हजारांच्या पुढे गेला आहे. त्यामुळे आजूबाजूच्या छोट्या धावपट्ट्यांवर शनिवारी चक्कर टाकली की हँगरचं दार उघडं, रेडिओ चालू आणि कुणीतरी इंजिनाखाली आडवं पडलेलं, असं दृश्य हमखास. अशाच एका हँगरमध्ये एक रिटायर्ड मेकॅनिक आजोबा आहेत. गेली दोन वर्षं शनिवारी मी त्यांच्या हाताखाली पाने देतो. फुकटात. बदल्यात शिव्या आणि कॉफी मिळते.

ऑफिसातल्या माझ्या एका मित्राने गेल्या वर्षी एक आरव्ही-६ विकत घेतलं. १९९० च्या दशकात कुणीतरी दुसऱ्यानेच बांधलेलं, मधे एका मालकाच्या हातून गेलेलं. १८० अश्वशक्तीचं लायकमिंग इंजिन, पुढे दोन पात्यांचा हार्टझेलचा कॉन्स्टंट स्पीड प्रॉपेलर आणि पॅनेलवर जुनं काट्याचं टॅकोमीटर. आमच्या पराक्रमाचं साहित्य हे एवढंच.

ज्यांना प्रॉपेलर म्हणजे पुढे फिरणारा पंखा एवढंच माहीत आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. साधा, ठरावीक कोनाचा प्रॉप म्हणजे एकाच गिअरची गाडी. तिसऱ्या गिअरमध्येच घाट चढायचा आणि तिसऱ्यातच एक्स्प्रेसवेवर पळायचं. चालतं, पण खंडाळ्यात इंजिन रडतं आणि पुढे सपाटीला बोंबलतं. पात्यांचा कोन उडता उडता बदलता आला तर उड्डाणाला बारीक कोन आणि क्रूझला मोठा, म्हणजे दोन्हीकडे सोय. कॉन्स्टंट स्पीडमध्ये ते काम गव्हर्नर करतो. इंजिनावर बसवलेली मूठभर डबी. आत फिरणारी वजनं, त्यांच्या विरोधात एक स्प्रिंग आणि मधे तेलाची वाट उघडबंद करणारा व्हॉल्व्ह. कॉकपिटमधला निळा दांडा त्या स्प्रिंगचा ताण बदलतो. इंजिनाचं तेल गव्हर्नरमधल्या छोट्या पंपाने दाब वाढवून, पोकळ क्रँकशाफ्टमधून हबच्या पिस्टनवर जातं. एक इंजिनवाल्या विमानांत साधारणपणे तेलाचा दाब कोन वाढवतो आणि दाब गेला तर पाती आपोआप बारीक कोनाकडे परततात. बारीक कोनाकडे एक यांत्रिक अडसर असतो, लो पिच स्टॉप. पाती त्याच्यापुढे जाऊ शकत नाहीत. हा अडसर लक्षात ठेवा, आमची अक्कल तिथेच अडकली.

मित्राची तक्रार अशी की पूर्ण थ्रॉटल देऊन ब्रेकवर उभं राहिलं तर काटा २५८० वर थांबतो. इंजिनाची मर्यादा २७००. हवेतही २६४० च्या वर जात नाही. म्हणजे इंजिनाची शक्ती कमी झाली किंवा गव्हर्नर बिघडला. कुणीतरी त्याला सांगितलं की गव्हर्नरवर वरच्या आरपीएमचा एक स्क्रू असतो, एका आट्याला साधारण २०-२५ आरपीएमचा फरक पडतो. आजोबा त्या शनिवारी नातीच्या ग्रॅज्युएशनला गेलेले. मी मेकॅनिकलवाला. झालं.

लॉकनट सैल केला, दोन आटे फिरवले, इंजिन चालू करून पूर्ण थ्रॉटल दिला. काटा २५८०. आणखी दोन आटे. काटा २५८०. आता विचार करा, तुम्ही प्रॉडक्शन सर्व्हरवर एक सेटिंग बदललं आणि काहीच फरक पडला नाही, तर याचा अर्थ काय? अर्थ हा की ज्याला तुम्ही हात लावताय त्याचा आणि लक्षणाचा संबंध नाही. हे मी ऑफिसात ज्युनिअरना ओरडून सांगतो. तिथे हँगरमध्ये मात्र आम्ही असा निष्कर्ष काढला की 'बहुतेक हवेत फरक पडेल.'

पडला ना! जमीन सोडली, वेग वाढला, आणि काटा २६४०, २६९०, २७४० असा चढतच गेला. मित्राने निळा दांडा मागे ओढला, आरपीएम खाली आले, एक चक्कर मारून उतरलो. दोघांपैकी कुणीच बराच वेळ काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "तो काटा खरं बोलतोय हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मग खिशातून ऑप्टिकल टॅको काढला. हातात मावणारं साधं यंत्र, काचेतून फिरत्या पात्यांमागच्या आकाशाकडे धरायचं, पात्यांची संख्या दोन निवडायची, आकडा वाचायचा. पॅनेलवरचा काटा ६० आरपीएम कमी दाखवत होता. म्हणजे मूळचा हिशोब असा होता: जमिनीवर खरे २६४०, हवेत खरे २७००. सगळं काही बरोबर होतं! इंजिन निरोगी, गव्हर्नर निरोगी, प्रॉप कामाला लागलेला. आजारी होता तो फक्त काटा. आणि आम्ही निरोगी गव्हर्नरला चार आट्यांचं औषध पाजून इंजिन खऱ्या २८०० पर्यंत पळवून आणलं.

जमिनीवर फरक का पडला नाही, हे आता सोपं आहे. उभ्या विमानाचा प्रॉप पूर्ण थ्रॉटलला बारीक कोनाच्या अडसरावर टेकलेला असतो. तिथे आरपीएम ठरवतो तो अडसर आणि इंजिनाची ताकद. गव्हर्नर अजून कामालाच लागलेला नसतो. उभ्याने मर्यादेपेक्षा थोडे कमी आरपीएम येणं हे बहुतेक वेळा ठीकच असतं, धावताना ते भरून निघतात. गव्हर्नर खरंच ताबा घेतोय का हे हवेत, पुरेशा उंचीवर बघायचं. दांडा न हलवता विमानाचा वेग थोडा कमीजास्त करा. आरपीएम जागच्या जागी राहिले तर गव्हर्नर काम करतोय. वेगाबरोबर आरपीएमही वरखाली झाले तर प्रॉप अडसरावर टेकला आहे आणि गव्हर्नरचा स्क्रू कितीही पिळला तरी उपयोग शून्य. दोन मिनिटांची चाचणी. फुकट. आम्ही केली नाही.

आता मुख्य भांडणाकडे येतो.

माझं भांडण 'एक्सपरिमेंटल आहे ना, मग झालं तर' या वाक्याशी आहे. अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानाला एक्सपरिमेंटल म्हणतात. किमान निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी केलेलं असलं पाहिजे, हा नियम. बदल्यात स्वातंत्र्य प्रचंड. कारखान्यात बनलेल्या विमानाच्या देखभालीचे बरेचसे नियम याला लागू नाहीत. पाना कुणीही धरावा. वर्षातून एकदा कंडिशन इन्स्पेक्शन होतं, त्यावर सही करायला मात्र रिपेअरमन सर्टिफिकेट किंवा परवानाधारक मेकॅनिक लागतो. मला हे स्वातंत्र्य मनापासून आवडतं. त्याच्यामुळेच तर माझ्यासारखा कोड बडवणारा माणूस शनिवारी खऱ्या इंजिनाला हात लावू शकतो. पण या स्वातंत्र्याचा अर्थ लोक असा लावतात की उत्पादकाचं मॅन्युअल म्हणजे वकिलांनी लिहिलेली भीती, ती सर्टिफाइड विमानवाल्यांनी पाळावी. कायद्याने तुम्हाला सूट दिली, कबूल. धातूने कधी दिली?

जरा आकडे मांडू. ७२ इंची प्रॉप २७०० आरपीएमला फिरतो तेव्हा पात्याच्या टोकाचा वेग ताशी ९३० किलोमीटरच्या आसपास असतो. मध्यापासून ९० सेंटिमीटरवरचा २० ग्रॅमचा तुकडा त्या वेगाला सुमारे १४७ किलोच्या जोराने बाहेर ओढतो. दहावीच्या भौतिकशास्त्राचं सूत्र आहे, स्वतः घालून बघा. आता कल्पना करा की पात्याच्या पुढच्या कडेला खडी लागून टवका उडालाय, त्यातून तडा गेलाय आणि टोकाचा एक तुकडा गेला. समोरचं पातं आहे तसंच. तो असमतोल इंजिन माऊंटवरून उपटायला पुरेसा असतो. म्हणून तो टवका वेळेवर कानशीने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापात, गुळगुळीत उताराने घासून काढायचा असतो. हे काम ज्याला येतं त्याच्याकडून शिकून घ्या. उडण्याआधी पात्यावरून हात फिरवणं मात्र कुणालाही जमतं. (हात फिरवताना किल्ली बंद आहे म्हणून निर्धास्त राहू नका. मॅग्नेटोची जमिनीला जाणारी वायर तुटली असेल तर किल्ली बंद असूनही इंजिन एक ठोका देऊ शकतं. प्रॉप कायम जिवंत समजावा.)

आणि त्या काट्याचं प्रकरण फक्त आमच्या फजितीपुरतं नाही. १८० अश्वशक्तीचं लायकमिंग आणि हार्टझेलच्या ठरावीक पात्यांची जी जोडी अनेक आरव्हींवर आहे, तिला २००० ते २२५० आरपीएमच्या पट्ट्यात सलग चालवायला मनाई आहे. पॅनेलवर तसं स्टिकर असतं. इंजिनाच्या ठोक्यांची कंपनं आणि पात्यांची स्वतःची कंपनं त्या पट्ट्यात एकमेकांना साथ देतात आणि पातं थकत जातं. धातूचा थकवा दिसत नाही, ऐकू येत नाही, साठत राहतो. आता काटा ६० ने कमी दाखवतोय. मित्र 'आरामात' १९६० ला क्रूझ करतोय, स्टिकरच्या खाली, नियम पाळून. प्रत्यक्षात २०२० वर, मनाईच्या पट्ट्यात. असे किती तास झाले असतील? त्याला ठाऊक नाही. आधीच्या मालकालाही नसणार. टॅको तपासणं ही प्रॉपेलरच्या देखभालीतली पहिली पायरी आहे असं मी आता ज्याला त्याला सांगत सुटलोय ते यासाठी.

(गंमत म्हणून एक जुनी युक्ती. रात्री जुन्या पद्धतीच्या ट्यूबलाइटखाली इंजिन चालवा. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १२० वेळा लुकलुकतो. दोन पात्यांचा प्रॉप बरोबर १८०० आरपीएमला आला की चार पाती स्थिर उभी असल्यासारखी दिसतात. आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणून तेच १५०० ला दिसेल. एलईडीखाली प्रयत्न करू नका, जमेलच असं नाही.)

असो. बिघाड शोधण्याचा क्रम हा खरं तर आम्हा आयटीवाल्यांना शिकवावा लागू नये. आधी मोजणारं यंत्र, मग केबल आणि दांडा, मग गव्हर्नर, मग इंजिन आणि सगळ्यात शेवटी हब. दांडा पूर्ण पुढे ढकलला की गव्हर्नरवरचा हात त्याच्या स्टॉपला आधी लागला पाहिजे आणि कॉकपिटमध्ये थोडी फट उरली पाहिजे. उलट असेल तर तुम्ही पूर्ण आरपीएम मागताय असं तुम्हाला वाटतं, गव्हर्नरपर्यंत ते पोचतच नाही. आरपीएम वरखाली डुलत असतील तर हबमध्ये अडकलेली हवा, क्रँकमधला गाळ, केबलची ढिलाई, अडकणारा व्हॉल्व्ह. तेल थंड असताना सगळं ठीक आणि तासाभराने गरम झाल्यावर आरपीएम धरून ठेवता येत नसतील, तर दाबाचं तेल कुठेतरी गळतंय. गव्हर्नरचा पंप झिजला असेल किंवा क्रँकच्या पुढच्या बेअरिंगपाशी वाट मोठी झाली असेल. मग नवा प्रॉप घेऊन काय होणार? कुणी साध्या प्रॉपवरून कॉन्स्टंट स्पीडवर गेला असेल आणि प्रॉप दांड्याला दादच देत नसेल, तर क्रँकशाफ्टमधली बुचं बघा. साध्या प्रॉपसाठी मागचं बूच भोक पाडलेलं असतं. ते बदलायचं राहिलं तर गव्हर्नरचं सगळं तेल हबमध्ये जायच्या ऐवजी क्रँककेसमध्ये ओतलं जातं. यातल्या एकाही गोष्टीला वरच्या आरपीएमचा स्क्रू हे उत्तर नाही.

विजेवर चालणाऱ्या प्रॉपांचं वेगळं. रोटॅक्स इंजिनांवर ते बरेच दिसतात. हबमध्ये छोटी मोटर, तिला करंट द्यायला स्लिप रिंग आणि कार्बन ब्रश. आमच्या जमातीला हे आपलंच वाटतं आणि पहिला संशय कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरवर जातो. बहुतेक वेळा ब्रश झिजलेला, रिंग तेलकट किंवा अर्थिंग सैल असते. व्होल्टेज मोटर चालू असताना मोजा, नुसतं उघड्या वायरवर मोजलं तर बारा दिसतातच. दुसरं म्हणजे वीज गेली की हा प्रॉप जिथे आहे तिथेच राहतो. मोठ्या कोनात अडकला आणि तुम्हाला उतरता उतरता परत वर जायचं असेल, तर तिसऱ्या गिअरमध्ये घाटात उभं राहून निघायचंय. चेकलिस्टमध्ये ही ओळ किती जणांनी लिहिली आहे?

आता सहा वर्षांचा वाद. हार्टझेलच्या या जातीच्या अनेक प्रॉपना ओव्हरहॉल २४०० तास किंवा सहा वर्षं, जे आधी येईल ते. हौशी माणूस वर्षाला तीस-चाळीस तास उडतो. सहा वर्षांत दोनशेच्या आसपास तास. मग तो म्हणतो, "दोनशे तासांत काय होतंय? हे सगळं धंद्यासाठी." ओव्हरहॉलला काही हजार डॉलर लागतात, त्यामुळे त्याची कळ मला समजते. शिवाय त्याच्या बाजूने एक खरा मुद्दाही आहे, तो लपवत नाही. चालू असलेली यंत्रणा उगाच उघडली की उघडण्यातूनच नवे बिघाड जन्माला येतात. इंजिनाच्या बाबतीत नुसत्या तासांवर किंवा वर्षांवर ओव्हरहॉल करू नये, स्थिती बघून करावं असं म्हणणारे जाणकार आहेत आणि मला ते पटतं. पण इंजिन बोलतं हो! फिल्टर कापला की धातूचा चुरा दिसतो, कॉम्प्रेशन मोजता येतं, बोअरस्कोप घालून व्हॉल्व्ह पाहता येतात, तेलाचा नमुना लॅबला पाठवता येतो. हबमध्ये यातलं काय आहे? पात्याचं मूळ जिथे बसतं तिथलं बेअरिंग, त्यावरचा ओलावा, ग्रीसमधून सुटलेलं तेल, सीलच्या मागे धरलेला गंज, हे बाहेरून कुणालाच दिसत नाही. मॅकॉलेच्या काही हबमध्ये लाल रंग घातलेलं तेल भरतात, तडा गेला की लाल ओघळ दिसतो. तशी सोय सगळीकडे नाही. आणि गंज तास मोजत नाही. उलट महिनोन्‌महिने ओरेगनच्या ओल्या हवेत न हलता उभा राहिलेला प्रॉप जास्त गंजतो. दोनशेच तास झाले हा बचाव नाही, तो आरोप आहे.

म्हणून माझं म्हणणं: गव्हर्नरची केबल स्वतः जुळवा, ग्रीस स्वतः घाला, ब्रश स्वतः बदला. हब उघडायचं काम प्रॉप शॉपला द्या, आणि तारखेवर द्या.

ग्रीसमध्येही आमच्या लोकांचा उत्साह नडतोच. हार्टझेलच्या हबला प्रत्येक पात्यापाशी दोन ग्रीस निपल असतात. त्यातलं एक आधी काढायचं आणि दुसऱ्यातून हळूहळू ग्रीस भरायचं. उघड्या भोकातून नवं ग्रीस डोकावलं की थांबायचं. दोन्ही निपल जागेवर ठेवून गन दाबत राहिलं तर आतला दाब पात्याचं सील बाहेर ढकलतो. मग पहिल्याच उड्डाणात पात्यावर ग्रीसचे फराटे आणि मालकाचं निदान, 'सील जुनं झालंय.' सील जुनं नव्हतं रे, तू मारलंस त्याला. ग्रीसही गॅरेजमध्ये सापडलेलं कुठलंही चालत नाही. हबवर स्टिकर असतं त्यावरच घ्यायचं, दोन जाती मिसळायच्या नाहीत.

आणि ते डायनॅमिक बॅलन्सिंग! उत्तम गोष्ट आहे. इंजिनावर सेन्सर लावतात, कंपन मोजतात, स्पिनरच्या मागच्या प्लेटवर चार-दोन ग्रॅमचे वॉशर लावतात आणि विमान लोण्यासारखं चालतं. पण कालपर्यंत गुळगुळीत असलेलं विमान आज अचानक थरथरायला लागलं, तर त्यावर वॉशर लावणं म्हणजे एरर लॉग बंद करून तिकीट क्लोज करणं. काहीतरी बदललंय म्हणून थरथर आली. आधी ते शोधा. तडा बॅलन्स करता येतो, हीच तर पंचाईत आहे.

एवढा त्रागा का, असं कुणी विचारेल. कारण विमान बांधणारे कमी होत नाहीत आणि बांधलेली विमानं विकत घेणारे वाढताहेत. आपल्याकडे केटीचे दोन अर्थ आहेत. कॉलेजात राहते ती केटी आणि प्रोजेक्ट सोडताना देतात ती केटी. घरी बांधलेलं विमान विकलं जातं तेव्हा दुसरी देत नाहीत, म्हणून नव्या मालकाची पहिली लागते. (ह.घ्या.) पण खरंच, बांधणाऱ्याचं रिपेअरमन सर्टिफिकेट विमानाबरोबर नव्या मालकाकडे जात नाही आणि त्याच्या डोक्यातलं ज्ञानही जात नाही. अमेरिकेच्या एनटीएसबीने २०१२ साली घरी बांधलेल्या विमानांच्या सुरक्षिततेवर एक अहवाल काढला. २०११ मध्ये त्यांनी तपासलेल्या अशा विमानांच्या अपघातांपैकी निम्म्याहून अधिक विमानं सेकंडहँड घेतलेली होती. इंजिन आणि त्याच्या आजूबाजूच्या यंत्रणांतले बिघाड हे मोठ्या कारणांपैकी एक.

त्यात नवीन भर. अमेरिकेत स्पोर्ट पायलट नावाचा सोपा परवाना आहे. २००४ च्या नियमांनुसार त्या परवान्यावर साधा किंवा जमिनीवरच जुळवता येणारा प्रॉप असलेलंच विमान चालायचं. २०२५ च्या जुलैत ऑशकॉशच्या मेळ्यात नवे नियम जाहीर झाले आणि ऑक्टोबरपासून हे पायलट, वेगळं प्रशिक्षण आणि त्याची सही घेऊन, उडता उडता कोन बदलणारे प्रॉपही वापरू शकतात. मला आनंदच आहे. फक्त त्या प्रशिक्षणात दांडा कधी पुढे आणि कधी मागे एवढंच असेल तर सहा महिन्यांत ही सगळी मंडळी हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन आमच्याच रांगेत उभी राहतील.

भारतातल्या मित्रांना हे सांगितलं की हमखास उत्तर येतं, "अरे, आपल्याकडे असतं तर मस्त जुगाड केला असता." मला या शब्दाचा आता राग येतो. कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीत घराच्या गच्चीवर विमान बांधलं, २०१६ साली ते बीकेसीला 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात ठेवलं, तेव्हा ओळखीतल्या निम्म्या लोकांनी ते कौतुकाने जुगाडात जमा केलं. उड्डाणाची परवानगी हातात यायला २०१९ उजाडलं. इतकी वर्षं एका गोष्टीच्या मागे लागणाऱ्या माणसाला जुगाडू म्हणणं हा त्याचा अपमान आहे. जुगाड आम्ही केला होता, चार आट्यांचा, पाच मिनिटांत.

तर आता परिस्थिती अशी. स्क्रू मूळ जागी नेला, ऑप्टिकल टॅकोने हवेत २७०० तपासले. ओव्हरस्पीडबद्दल इंजिनवाल्यांनी आणि प्रॉपवाल्यांनी काय तपासायला सांगितलंय ते आजोबांनी मला मोठ्याने वाचायला लावलं आणि एकेक तपासून घेतलं. लॉगबुकमध्ये नोंद मला स्वतःच्या हाताने करावी लागली: तारीख, चार आटे, दाखवलेले २७४०, खरे २८००, माझं नाव. लिहिताना आधीची पानं चाळली. प्रॉपचा शेवटचा ओव्हरहॉल अकरा वर्षांपूर्वीचा. तास फक्त तीनशे दहा.

प्रॉप काढून शॉपला पाठवला आहे. मित्र वैतागलाय, इथला उडायचा मोसम चार महिन्यांचा आणि त्यातला एक माझ्या हट्टाने गेला असं त्याचं म्हणणं. गेल्या दोन शनिवारी तो फिरकला नाही. विमान नाकाशिवाय उभं आहे, क्रँकच्या तोंडाला आजोबांनी प्लॅस्टिकची टोपी लावली आहे. लॉगबुकच्या त्या नोंदीखाली अर्धं पान कोरं सोडलंय. हब उघडल्यावर आत काय निघालं ते शॉपवाले कळवतील, ते तिथे लिहायचं आहे.